काचवाल्या सायकलचे कॅरिअर

काकू परत येणार नाहीत हे ज्या दिवशी कळले, त्या दिवशी मी दवाखान्याच्या आवारात, सायकलींच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होतो. काका पायऱ्या उतरून आले. त्यांच्या हातात एक कापडी पिशवी होती. पिशवीत काकूंच्या चपला होत्या, चष्मा होता आणि पाण्याची अर्धी भरलेली बाटली होती. काकांनी पिशवी माझ्यावर ठेवली आणि चाप लावला. मग चाप काढला आणि पिशवी हँडलला अडकवली. तिथे ती चाकाला घासायला लागली, म्हणून परत माझ्यावर ठेवली. जन्मभर ओझी वाहिलेल्या माणसाला ती हलकी पिशवी कुठे ठेवावी ते सुचत नव्हते.

मला तेव्हाच संशय आला. चपला बाहेर आणि काकू आत, हे काही बरोबर नव्हते. मला वाटले, दवाखान्यातल्या लोकांनी काहीतरी गोंधळ केला आहे आणि तो ते काकांना सांगत नाहीत.

काकांनी सायकल फाटकाबाहेर आणली, टांग टाकली आणि नेहमीसारखे विचारले, "धरलंस का?"

मागून उत्तर आले नाही.

काका एक पाय जमिनीवर टेकवून तसेच थांबले. मग खाली उतरले आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत गेले. वाटेत कुणीतरी विचारले, "काय काका, हवा गेली का चाकातली?"

"हो," काका म्हणाले.

मित्रांनो, तुम्ही नवी सायकल बघायला जाता तेव्हा घंटी वाजवून बघता, ब्रेक दाबून बघता, सीट उंच तर नाही ना ते बघता. मागच्या चाकावर लोखंडी नळ्यांची एक चौकट असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. ती चौकट म्हणजे मी. लोक मला कॅरिअर म्हणतात. आता माझा रंग उडाला आहे, एका बाजूची नळी जराशी वाकली आहे आणि थंडीत मी कुरकुरतो. पण मी पहिल्यापासून असा नव्हतो.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. माझे सगळे सांधे जोडून झाल्यावर तो वेल्डर दोन्ही पाय ठेवून माझ्यावर उभा राहिला आणि त्याने उड्या मारून बघितल्या. मग "चालेल" म्हणून मला बाजूला टाकले. जन्मल्याबरोबर ज्याच्यावर कुणी उड्या मारून बघते, त्याचा स्वभाव संशयी होणारच. शिवाय माझ्या पाठीवर चाप आहे. चापाचे कामच असे, की हाती आलेली वस्तू दाबून धरायची आणि ही आता निसटणार, अशी शंका कायम मनात ठेवायची.

काकांनी त्या वेळी काचेचे दुकान नुकतेच टाकले होते. खिडक्यांच्या काचा, फोटोच्या चौकटी, आरसे, हे सगळे कापायचे, घासायचे आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचे. मला सायकलवर बसवताना काका दुकानदाराला म्हणाले होते, "मजबूत पाहिजे, काच न्यायची आहे." मी काचेची तयारी करून बसलो होतो.

पहिली काच काकांनी माझ्यावर आडवी ठेवली. खाली गोधडी घातली, वरून दोरीने बांधली. ती दोन्ही बाजूंना हातहातभर बाहेर आली होती. दुकानासमोरची गल्लीसुद्धा ओलांडून झाली नव्हती तोवर ती मधोमध तडकली.

काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "काच कधी आडवी नेतात का? आडवी काच कुणाचं ऐकत नाही. ती उभी न्यायची."

"उभी नेली तर धरणार कोण? तू?"

"मग काय, सासूबाई धरणार आहेत?"

दुसऱ्या दिवशी काकांनी सुताराकडून एक लांब फळी आणली आणि ती माझ्या डाव्या अंगाला, खाली, पाय ठेवायच्या उंचीवर पक्की केली. फळीवर जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, म्हणजे काच घसरणार नाही. मग काकू माझ्यावर आडव्या बसल्या, तोंड डावीकडे करून. पाय फळीच्या आतल्या कडेला, काच बाहेरच्या कडेला उभी आणि दोन्ही हात काचेच्या वरच्या काठावर. मला ही व्यवस्था अजिबात पसंत नव्हती. ओझे वाहायला म्हणून मला घेतले आणि ओझे धरायला वर माणूस बसवला, म्हणजे माझ्यावर यांचा विश्वास नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला. चाप रिकामाच राहिला. मी कितीतरी दिवस काकूंच्या साडीचा काठ चापात पकडायचा प्रयत्न करायचो. त्या काकांना म्हणायच्या, "तुमच्या या कॅरिअरला माझा राग आहे."

"त्याला तेल दे, राग जाईल," काका म्हणायचे.

काकू खरेच तेल द्यायच्या. हळूहळू माझा राग गेला. संशय मात्र पुरता गेला नाही, तो कधीच जात नाही.

त्यांची काम करायची एक पद्धत होती. निघण्याआधी काका मागे न बघता विचारायचे, "धरलंस का?" काकू म्हणायच्या, "धरलंय." हे झाल्याशिवाय पायडल फिरत नसे. काचेचे सगळे वजन डावीकडे यायचे, म्हणून काका उजवीकडे कलून चालवायचे. लांबून बघणाऱ्याला वाटे, हा माणूस कुणाच्या तरी कानात काहीतरी सांगायला झुकला आहे. आणि रस्त्यात खड्डा आला की काका मोठ्याने म्हणायचे, "खड्डा." काकूंना पुढचे काही दिसत नसे, त्यांचे तोंड डावीकडे. पण तो शब्द ऐकला की त्या पाय रोवून किंचित उठायच्या आणि काच फळीवरून बोटभर वर उचलायच्या. तेवढ्यापुरता मी हलका होत असे. चाक खड्ड्यात जाई, वर येई, मग काकू टेकत, मग काच टेके. सायकल होती त्याच वेगाने पुढे जात राही.

आरसा न्यायचा असला की मजा यायची. आरशाची चमकती बाजू बाहेर असायची आणि काकू त्याच्यामागे झाकलेल्या. सिग्नलला थांबलो की शेजारचे स्कूटरवाले आरशात बघून केस सारखे करायचे. मग आरशामागून आवाज यायचा, "केस घरून विंचरून यायचं. सिग्नल सुटला बघा." एक गृहस्थ असे दचकले, की त्यांची स्कूटर बंद पडली.

वाटेत काच फुटली, असे त्या पहिल्या काचेनंतर कधी झाले नाही. लोक काकांचे कौतुक करत. "काय हात आहे सायकलवर," म्हणत. काकू मागे बसून ऐकून घेत आणि मग घरी जाताना म्हणत, "हात कुणाचे दुखतायत ते कुणी विचारलं का?"

काकू गेल्यानंतर दुकान बंद राहिले. मी जिन्याखाली उभा होतो. मित्रांनो, रिकाम्या कॅरिअरवर लोक काहीही ठेवतात. वरच्या मजल्यावरच्यांनी ओल्या छत्र्या ठेवल्या, कुणी रद्दीचा गठ्ठा ठेवला. शेजारची मांजर तर बिऱ्हाड केल्यासारखी झोपायची. प्रत्येकाकडे मी संशयाने बघायचो. मला वाटायचे, हे सगळे काकूंची जागा बळकावायला आले आहेत.

एके दिवशी सकाळी शिंपीणबाई आल्या. त्यांचे शिवणकामाचे दुकान शहराच्या जुन्या भागात आहे. त्या काकूंच्या मैत्रीण. त्यांना कपडे घालून बघायच्या खोलीसाठी एक उंच आरसा हवा होता. काकूंनी तो स्वतः करायला घेतला होता. आजारी पडायच्या आधी रोज दुपारी दगडाने पाणी लावून लावून त्यांनी त्याचे चारही काठ घासले होते, इतके गुळगुळीत, की डोळे मिटून बोट फिरवले तरी कापणार नाही. आरसा तयार झाला आणि काकू दवाखान्यात गेल्या.

शिंपीणबाई जिन्याशीच काकांना म्हणाल्या, "भाऊजी, घाई करायला नाही आले. पण गिऱ्हाईक माझ्यावर संशय घेतंय. कपडा घालून बघतात आणि विचारतात, पाठीमागून कसा दिसतो? मी म्हणते, छान. तर म्हणतात, तुम्ही तर छानच म्हणणार."

"पोचवतो," काका म्हणाले.

"टेम्पो करा ना एखादा."

"तुमच्या गल्लीच्या तोंडाशी लोखंडी खांब आहेत. टेम्पो आत येत नाही. आणि आला, तरी टेम्पोत आरसा धरणार कोण?"

जाताना शिंपीणबाईंनी मांजरीला माझ्यावरून हुसकले, ते मला आवडले.

काकांनी दुकान उघडले. त्यांची लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. ती दर सुट्टीला यायची. तिने आरसा बघितला, त्याच्या काठावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "बाबा, हा फुटला तर दुसरा होणार नाही."

"माहीत आहे."

"मग कसा नेणार?"

"तेच बघतोय."

काकांनी ठरवले, की आधी लहान कामे पोचवून बघायची. सायकलवर काच न्यायची योग्य रीत सापडली, की मगच आरशाला हात लावायचा. आणि तिथून माझ्या हालांना सुरुवात झाली.

आधी ते पाठीवर सॅक घेऊन निघाले. सॅकमध्ये एका लग्नाच्या फोटोची चौकट. मी मागे रिकामा. मला ते अपमानाचे वाटले आणि धोक्याचेही. वजन इतके वर असले, की वळणावर सायकल वळायच्या आधी माणूसच वळतो. आणि पाठीशी काच बांधून फिरणारा माणूस पडला तर काय होईल, ते मी तुम्हाला सांगायला नको. काका पडले नाहीत. पण टपाल कचेरीच्या कोपऱ्यावर गटाराचे लोखंडी झाकण रस्त्यापेक्षा जरा वर आले आहे. तिथे काका "खड्डा" म्हणाले, चाक दणकन आपटले आणि सॅकमध्ये कट् असा आवाज झाला.

काकांनी फुटलेली काच ठोक व्यापाऱ्याला दाखवली. "माल हलका देताय तुम्ही हल्ली," ते म्हणाले. व्यापाऱ्याने काच उजेडात धरून बघितली, काकांकडे बघितले आणि दुसरी दिली. मलाही त्या व्यापाऱ्याचा संशय होताच.

मग कोपऱ्यावरच्या सायकलमिस्त्रींनी एक प्लास्टिकचा क्रेट दिला. तो रबरी पट्ट्यांनी माझ्या पाठीवर बांधला. मित्रांनो, क्रेटबद्दल खरे तेच सांगतो. वजन मधोमध होते. पट्ट्यांची टोके आत खोचलेली होती, चाकात जायची भीती नव्हती. काचांच्या मध्ये गोधड्या होत्या. बोट ठेवायला जागा नव्हती आणि म्हणूनच मला त्याचा जास्त संशय आला. हा क्रेट बोलत नव्हता. "धरलंस का?" असे काकांनी विचारले, तेव्हा तो गप्प बसला. काका तरीही निघाले. टपाल कचेरीच्या कोपऱ्यावर पुन्हा "खड्डा," पुन्हा दणका. क्रेट माझ्यावरून उडाला आणि परत बसला. आतल्या काचा गेल्या.

या वेळी काका खाली उतरले. त्यांनी झाकणावर पाय देऊन बघितला. कोपऱ्यावर एक फळवाला बसतो, त्याला विचारले, "हे झाकण कुणी हलवलं का?"

"झाकण कशाला कोण हलवेल?"

"आधी इतकं वर नव्हतं."

"काका, मी इथे बसायला लागलो तेव्हापासून ते तिथेच आहे."

"का, लोकांनी इथे थांबावं आणि फळं घ्यावीत म्हणून तू तर काही करत नाहीस?"

"थांबतात कुठं? पडतात," फळवाला म्हणाला. "पडलेला माणूस फळं घेत नाही, शिव्या देतो."

काकांना ते पटले नाही. पुढचे काही दिवस येता जाता ते त्या फळवाल्याकडे डोळे बारीक करून बघायचे.

हँडलपुढच्या टोपलीला मिस्त्रींनी आधीच नकार दिला. "पुढे वजन टाकलं की हँडल आपलं ऐकत नाही, काचवाले. भाजी आणायला ठीक, काचेला नाही," ते म्हणाले. त्यांनी दोन पिशव्या आणल्या, माझ्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या. पिशव्या मला बऱ्या वाटल्या, कारण वजन खाली होते. पण काकांनी सगळे सामान डावीकडच्या पिशवीत भरले.

"दोन्हीकडे सारखं घाला की," मिस्त्री म्हणाले.

"वजन डावीकडेच असतं."

"कुणी सांगितलं?"

काका उजवीकडे कलून निघाले. प्रत्येक पायडलला त्यांची टाच पिशवीला लागत होती. कोपऱ्यावर काय झाले, ते तुम्ही ओळखले असेल.

संध्याकाळी काका मिस्त्रींवरच उखडले. "तू मला एकेक भंगार खपवतोयस."

"खपवलं काय? सगळं वापरून बघायला दिलंय. सॅकसुद्धा माझ्या मेव्हण्याची आहे. तो रोज विचारतो."

"मग तुझ्या वस्तूंनी माझ्या काचा कशा फुटतात?"

"ते मलाही कळत नाही. सगळं शहर याच वस्तू वापरतंय. तुमच्याच काचा फुटतात."

माझा संशय मिस्त्रींवर पक्का झाला होता. त्याला कारणही होते. त्याच आठवड्यात एका दुपारी काका आत काच कापत असताना, लेक आणि मिस्त्री सायकलपाशी येऊन उभे राहिले. मिस्त्रींनी खिशातून टेप काढली आणि माझी लांबी मोजली, रुंदी मोजली, चाकापासूनची उंची मोजली. लेक हळू आवाजात म्हणाली, "बाबांना आत्ता काही सांगू नका."

"नाही सांगत. हे आड आलं तर काढून टाकू. नट सैल केले की निघेल."

हे म्हणजे मी. मित्रांनो, माझ्यावर पाणी साचले तेव्हा मला गंज चढला नव्हता इतका त्या दुपारी आतून चढला. मला वाटले, लेकीने ठरवले आहे. आधी कॅरिअर काढायचे, मग सायकल काढायची, मग दुकान. काकांना तिच्या घरी नेऊन खिडकीशी बसवायचे. मी चाप आवळून बसलो. दुसरे करण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते.

पुढच्या सुट्टीला मिस्त्री एक गाडी ढकलत आले. दोन लहान चाकांची, जमिनीलगत, मागे जोडायची. तिच्यावर फळ्यांची एक उभी खाच केली होती आणि खाचेला आतून जाड गालिच्याचे तुकडे लावले होते. काच तिच्यात उभी राहणार होती. गाडीचा दांडा मागच्या चाकाच्या आसाला जोडायचा होता. माझ्याखालून तो जाईल की नाही, तेवढ्यासाठी त्यांनी मला मोजले होते.

काकांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. खाचेत हात घालून बघितला. "तुझीच युक्ती ना ही?" त्यांनी लेकीला विचारले.

"माझी आणि मिस्त्रीकाकांची. वजन खाली, काच उभी. आणि सायकल मोकळी."

"कॅरिअरची आता गरज नाही," मिस्त्री म्हणाले. "काढू का? सायकल हलकी होईल."

काका माझ्याकडे बघत राहिले. "राहू दे," ते म्हणाले.

या "राहू दे"वर मी अजूनही पूर्ण भरवसा ठेवलेला नाही. राहू दे म्हणजे किती दिवस, ते कुणी सांगितलेले नाही.

आरसा एकदम न्यायचा नाही, यावर सगळ्यांचे एकमत होते. काकांनी आरशाच्याच मापाची एक साधी काच कापली. ती खाचेत उभी केली. लेक म्हणाली, "मी कॅरिअरवर बसते. मागे बघत राहते, म्हणजे काच नेमकी कुठे हलते ते कळेल."

ती माझ्यावर आडवी बसली, तोंड डावीकडे करून. पाय त्याच फळीवर ठेवले. तिचे वजन वेगळे होते, बसायची तऱ्हा तीच. मी काही मनमोकळेपणाने तिला घेतले नाही. पण चापही उघडला नाही.

काकांनी टांग टाकली. "धरलंस का?"

"काय धरू? काच मागे गाडीत आहे."

काका थांबले.

"बाबा, निघा ना."

काका निघाले. गाडी छान येत होती. वळणावर जरा रुंद घ्यावे लागले, एका गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, एवढेच. लेक मान मागे वळवून काच बघत होती. "अजिबात हलत नाही," ती म्हणाली. "बाबा, अजिबात हलत नाही." काका उजवीकडे कलले होते, तेही सरळ व्हायला लागले.

टपाल कचेरीचा कोपरा आला. काका मोठ्याने म्हणाले, "खड्डा."

आणि सरळ त्याच्यावरून गेले.

लेक माझ्यावर दाणकन आदळली. मागे गाडीची दोन्ही चाके उडाली आणि खाचेतली काच वरपासून खालपर्यंत तडकली. फळवाला उठून उभा राहिला.

लेक खाली उतरली. कंबर चोळत तिने विचारले, "बाबा, ब्रेक का नाही दाबलात?"

"खड्डा म्हटलं ना."

"ऐकलं मी. पण ब्रेक?"

"खड्डा म्हटलं होतं," काका पुन्हा म्हणाले.

"मला सांगून काय उपयोग? मी काय करणार होते?"

काका फळवाल्याच्या पाटीशेजारी, पदपथाच्या कडेला बसले.

"ती उचलायची," ते म्हणाले.

"काय?"

"काच. मी खड्डा म्हटलं की तुझी आई काच उचलायची. मला कधी हळू करावंच लागलं नाही."

लेकीने विचारले, "कधीच नाही?"

"वळणाला केलं असेल. माणसं आडवी आली तर. खड्ड्याला नाही."

त्या वेळी मला माझे ते हलके होणे समजले. काकांचे शब्द आणि काकूंचे हात, असे मिळून एक काच नेत होते. शब्द अजून सायकलवर होते. सॅक, क्रेट, पिशव्या आणि गाडी, या सगळ्यांना ते ऐकू येत नव्हते, त्यात त्यांचा काय दोष? व्यापाऱ्याचाही नव्हता. झाकण तर आहे तिथेच होते.

फळवाल्याने काचेचे तुकडे गोळा करायला एक खोके दिले. काका त्याला म्हणाले, "तुझ्यावर उगाच संशय घेतला."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तुम्ही बघायचात तेव्हा माझी बायकोसुद्धा विचारायची, त्या काकांचं तू काय घेतलंस म्हणून."

लेक सायकल हातात धरून चालली. काका मोकळी गाडी ओढत तिच्यामागून आले. दाराशी आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, खड्डा म्हणायचं बंद करा."

"ते नाही व्हायचं."

"बरं. मग म्हणा. पण म्हटलं की ब्रेक दाबा."

आता काका रोज सकाळी गाडीच्या खाचेत आरशाएवढी एक लाकडी फळी उभी करतात आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. त्या फळीच्या वरच्या काठावर त्यांनी पाण्याने भरलेला पेला ठेवून बघितला होता, तो पहिल्याच दिवशी पडला. "खड्डा" म्हणतात आणि ब्रेक दाबतात. कधी आधी दाबतात, कधी उशिरा. कधी दाबायचे राहते, मग ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटतात. फळवाला आता हात वर करून खूण करतो. मिस्त्री म्हणतात, "काचवाले, सुधारताय." काका त्यांच्याकडे संशयाने बघतात, पण पूर्वीइतके नाही.

त्या गाडीवर माझा विश्वास बसलेला नाही. क्रेटसारखी तीही काहीच बोलत नाही. मी मात्र जागेवर आहे आणि माझ्यावर सध्या फक्त दुपारचा डबा असतो.

मित्रांनो, तुम्हीही कधी ना कधी सायकलवर ओझे न्याल. पुस्तके न्याल, भाजी न्याल, कुणाचे तरी पार्सल न्याल. वजन खाली ठेवा, दोन्ही बाजूंना सारखे वाटा, पट्ट्यांची टोके चाकापासून लांब बांधा आणि आमच्या सांध्यांना अधूनमधून तेलाचा थेंब द्या. एवढे तुम्हाला कुणीही सांगेल. माझे मागणे आणखी थोडे आहे. तुमच्या मागे बसून कुणी काही धरत असेल, तर सायकल थांबवून एकदा मागे वळून बघा. त्याचे हात दुखत असतील, तर विचारा. आणि खड्डा दिसला की हळू व्हा.

काकूंचा आरसा दुकानात भिंतीला टेकून उभा आहे. त्याच्यावर स्वच्छ चादर घातलेली आहे. कपडा पाठीमागून कसा दिसतो, ते शिंपीणबाई अजून गिऱ्हाइकांना तोंडी सांगतात. आरसा पोचवायचा राहिला आहे.